वाडा पाडायच्या आधी त्याची नोंद कशी करून ठेवायची

पुण्याच्या पेठांमधला प्रत्येक वाडा वाचणार नाहीये, हे आधी मान्य करू. 1848 साली फुल्यांनी जिथे मुलींची शाळा काढली तो भिडे वाडासुद्धा 2023 च्या डिसेंबरात पाडला, मग वारसदार बावीस, भाडेकरू नऊ आणि बिल्डर दारात अशा वाड्याचं काय घेऊन बसलात. पण नोंद करून ठेवणं आपल्या हातात आहे.

आधी महापालिकेच्या हेरिटेज यादीत नाव आहे का आणि ग्रेड कुठली ते बघा, असेल तर परस्पर पाडता येत नाही. मग सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढा. घरात मोडीतले कागद निघाले तर प्लीज रद्दीत घालू नका, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, मोडी वाचणारं कुणीतरी भेटतंच.

मोजमापाला दोघं लागतात, एकानं टेप धरायचा नि दुसऱ्यानं लिहायचं. चौकाच्या चार बाजू मोजल्या की दोन्ही कर्णही मोजा, कारण जुन्या वाड्यांचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही आणि घरी येऊन नकाशा काढायला बसलात की तो जुळतच नाही. भिंतीची जाडी दारातून मिळते. माडीवर जाताना जपून, कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांची जमीन कुजलेली असेल तर मधून न चालता भिंतीच्या कडेकडेनं जा, आणि धोकादायकची नोटीस लागली असेल तर जाऊच नका.

फोटो समोरून सरळ घ्यायचे, शेजारी फूटपट्टी धरून. खांबावरची नक्षी फ्लॅशमध्ये सपाट दिसते, त्यापेक्षा टॉर्च बाजूनं तिरका मारा, केळफुलाची पाकळी न पाकळी उठून येते. लोक महिरपीचे फोटो काढतात आणि तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, विसरतात! खांब त्यावर कसा बसवलाय, तुळईचा सांधा कसा आहे, तेच खरं बघायचं असतं. गिलावा पडलाय तिथेही फोटो हवा, कारण खाली दगड, वर विटा, मध्ये माती का चुना, सगळं तिथे आयतं उघडं पडलेलं असतं.

जुनं लाकूड घेणारा येण्याआधी प्रत्येक खांबाला, तुळईला ऑइलपेंटनं नंबर टाका आणि तोच नंबर नकाशावर लिहा, म्हणजे पुढे कुणाला ते परत उभं करायचं झालं तर कुठला तुकडा कुठे हे कळेल.