गाडी मधूनच मिसिंग मारते? या चुका टाळा

आपल्या इकडे गाडीनं दोन झटके दिले की पहिले प्लग बदलतात, मग फिल्टर, मग कोणी सांगते पेट्रोल फवारणारं इंजेक्टर साफ करून घे भाऊ, अन् एवढा पैसा लावूनही गाडी वरूडच्या रस्त्यावर तशीच झटके देऊन राहते. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं, अन् मधूनमधून होणारं मिसिंग गॅरेजात उभ्या गाडीत सापडतच नाही.

म्हणून मिसिंग कधी होते हे न पाहताच पाना हातात घेणं, ही सगळ्यात मोठी चूक. चढावर वरच्या गिअरमधे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर होत असेल तर प्लग नाहीतर कॉइलवर (प्लगला जास्त व्होल्टेज देणारा भाग) शंका घ्या, कारण लोडवर स्पार्क पडायला व्होल्टेज जास्त लागते. फक्त आयडलवर, म्हणजे रेस न देता, थरथरते अन् रेस दिली की सुधरते, तर कुठून तरी हवा ओढून राहिली का पाहा. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच होते तर ओलावा.

दुसरं, डॅशबोर्डवरचा इंजिनचा चेक लाईट लागला की बॅटरीचं टर्मिनल काढून तो घालवू नका. गाडीच्या कॉम्प्युटरनं ठेवलेला फॉल्टचा कोड पुसल्या जाते, अन् फॉल्ट आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता हेही जाते. आधी कोड वाचणारं स्कॅनर लावा. पी०३०० आला म्हणजे मिसिंग कोण्या एका सिलिंडरचं नाही, पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेली गाडी असेल तर आता काहीच विकत न घेता दोन नंबरची कॉइल तीनवर अन् तीनची दोनवर लावा, बाकी कशालाच हात लावू नका, कोड क्लिअर करून त्याच रस्त्यावर तशीच चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून पाहा, मग इंजेक्टर, मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब. सगळे पार्ट एकाच वेळी बदलले तर दोष कशात होता हे कधीच समजत नाही. कॉइल काढलीच आहे तर तिचं रबर पाहून घ्या, चिरलं का, अन् प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे का. ती रेघ म्हणजे स्पार्क बाहेरूनच पळून राहिला. प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर सील गेली.

चालू इंजिनवर कॉइल उपटून पाहायची सवय काही मिस्त्रींना आहे, ती करू देऊ नका, वीस-तीस हजार व्होल्टचा झटका बसते अन् कॉइलही जाते.

गाडी कोठ्याजवळ उभी राहत असेल तर वायरिंग पाहाच. कापूस-तूर घरात आली की उंदीर वाढतात, अन् कुरतडलेली वायर खड्ड्यात सुटते, सपाट रस्त्यावर परत टेकते. इंजिन आयडलवर ठेवून वायरिंग कोरड्या काडीनं हलवून पाहा, पट्ट्यापासून अन् फॅनपासून हात दूर ठेवून.

सीएनजी असेल तर पेट्रोलवर अन् गॅसवर वेगवेगळी चालवा. गॅसला स्पार्क तगडा लागते, म्हणून थकलेला प्लग पहिले गॅसवर बोंबलते. अन् बाटलीतलं सुटं पेट्रोल टाकू नका, त्यात पाणी असलं तर पेट्रोलमधलं इथेनॉल त्याला धरून टाकीच्या तळाशी बसते.

चेक लाईट लुकलुकत असेल तर मात्र "गावापर्यंत नेतो" म्हणू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा भाग) जाऊन तो लाल होईस्तोवर तापते, अन् नवा कन्व्हर्टर कॉइलपेक्षा किती तरी महाग पडते.