चिपवरच्या एसओएचा खरा गेन कसा काढायचा

इंडियम फॉस्फाइडच्या चिपवरच्या सेमीकंडक्टर ऑप्टिकल ॲम्प्लिफायरचा, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल वाढवणाऱ्या एसओएचा, गेन (सिग्नल किती पट वाढला तो आकडा) पॉवर मीटरने काढायला गेलात तर हमखास फसाल. समजा, १५५० नॅनोमीटरला −३० डीबीएम (१ मिलीवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) सिग्नल दिला आणि गेन २० डीबी आहे. बाहेर −१० डीबीएम, म्हणजे ०.१ मिलीवॉट यायला हवा. पण साठेक नॅनोमीटरच्या पट्ट्यात एसओए स्वतःचाही प्रकाश टाकतो, तो एएसई. तो ०.५ मिलीवॉट असला, तर मीटर ०.६ दाखवेल आणि गेन वाटेल जवळपास २८ डीबी! म्हणून तरंगलांबीनुसार पॉवर वेगळी दाखवणारा स्पेक्ट्रम ॲनालायझर हवाच.

जोडणी अशी: ट्यूनेबल लेझर, ॲटेन्युएटर (पॉवर कमी करणारा), आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा), पोलरायझेशन कंट्रोलर, लेन्स्ड फायबर (टोकाला लेन्स असलेला), चिप, दुसरा लेन्स्ड फायबर, आयसोलेटर, ॲनालायझर. कनेक्टर एपीसीच, म्हणजे तिरक्या टोकाचेच, घ्या. आधी पेल्टिए (विजेवर चालणारा कूलर) लावून तापमान २० अंशांवर स्थिरावू द्या, मगच करंट. बंद करताना उलट.

इनपुट फायबर जुळवताना एसओएला −१ व्होल्ट रिव्हर्स बायस द्या. तो डिटेक्टरचं काम करतो. फोटोकरंट सर्वाधिक येईल तिथे थांबा. शेजारच्या साध्या, आखूड वेव्हगाइडचा (चिपवरच्या प्रकाशवाटेचा) एकूण लॉस निम्मा केला की एका टोकाचा कपलिंग लॉस, म्हणजे फायबर आणि चिपच्या जोडावर वाया जाणारा प्रकाश, हाती येतो.

आता सिग्नल बंद ठेवून करंट हळूहळू वाढवा आणि ०.०२ नॅनोमीटर रिझोल्यूशनवर एएसई पाहा. लाटा दिसल्या तर कुठेतरी परावर्तन आहे. कुठे, ते लाटांमधलं अंतर सांगतं: ०.३३ नॅनोमीटर असेल तर साधारण १ मिलीमीटरची पोकळी, म्हणजे बहुधा एसओएचीच दोन टोकं, ०.०८ असेल तर ४ मिलीमीटर, म्हणजे चिपच्या कडा. २५–३० डीबी गेनला १ डीबीपेक्षा कमी लाट हवी असेल, तर परावर्तन ०.००५ टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. नुसत्या कोटिंगवर ते जमणं कठीण, म्हणून वेव्हगाइड कडेला तिरका नेतात.

मग इनपुट −३० पासून ० डीबीएमपर्यंत वाढवत न्या. गेन ३ डीबीने उतरला की तिथलं आउटपुट म्हणजे सॅच्युरेशन पॉवर.

नॉइज फिगरसाठी, म्हणजे ॲम्प्लिफायर किती नॉइज मिसळतो त्या आकड्यासाठी, सिग्नलच्या दोन्ही बाजूंना १ नॅनोमीटरवर, ०.१ नॅनोमीटर रिझोल्यूशनने एएसई मोजून सरासरी घ्या. त्यातून लेझरची स्वतःची पार्श्वभूमी गेनने गुणून, मिलीवॉटमध्येच, वजा करा. उरलेला डीबीएम आकडा, वजा गेन, अधिक ५८ (१५५० नॅनोमीटर आणि ०.१ नॅनोमीटर रिझोल्यूशनसाठीचा स्थिरांक), ही नॉइज फिगर. −३१ आणि २० असेल तर ७ डीबी. चिप फक्त टीई, म्हणजे एकच पोलरायझेशन, वाढवत असेल तर आणखी ३ डीबी मिळवा. हे विसरलं की आकडा फुकटचा देखणा दिसतो.

हे सगळं फायबर ते फायबर. चिपच्या गेनमध्ये दोन्ही टोकांचा लॉस मिळवायचा, सॅच्युरेशन पॉवरमध्ये फक्त आउटपुटचा. नॉइज फिगरमधून मात्र फक्त इनपुटचा वजा करायचा.