पुण्यात भाड्याचं घर बघताना आधी नळ सोडा

मी लातूरची. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं होतं. तरीही हिंजवडीत नोकरी लागल्यावर मी फोटो बघून वाकडला घर घेतलं, आणि मार्च उजाडताच टँकर सुरू झाले.

म्हणून सांगते, घर बघायला जाल तेव्हा गेटवरच्या वॉचमनकाकांशी दोन मिनिटं बोला. आमच्या गेटवरच्या वहीत टँकरच्या नोंदी असायच्या. एका दिवसात अकरा नोंदी मी स्वतः मोजल्या आहेत. एजंट हे कधीच सांगत नाही. वर जाऊन स्वयंपाकघराचा नळ सोडा, बाथरूमचाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, तेही विचारून घ्या.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. वाकडहून हिंजवडी आयटी पार्कचा फेज 1 जवळ, पण त्याच पार्कचा फेज 3 गाठायला सकाळी जीव जातो. सोमवारी ऑफिसच्या वेळेला एकदा जाऊन याच. संध्याकाळी परतही या.

बायकांनी रात्री साडेनऊला बसस्टॉपपासून दारापर्यंत चालून बघावं. दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, ते तेव्हाच कळतं.

घाई असेल तर पहिला महिना पीजीत काढा, पण घराचा करार नीट करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. डिपॉझिट कधी परत मिळणार, हे त्यातच लिहून घ्या.