मे महिन्यात बागेत या चुका टाळा, म्हणजे मिरगात रडायची वेळ येणार नाही

कोल्हापूरचा उन्हाळा काय विदर्भासारखा नाही, तरी मे आला की झाडं मान टाकतात आणि आपण घाबरून जे काय उपाय करत सुटतो ना, त्यानंच निम्मी झाडं जातात. उन्हानं कमी आणि आपल्या लाडानं जास्त.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दुपारी जास्वंदीची पानं लोंबलेली दिसली की लगेच पाइप घेऊन पळायचं. अहो, दुपारी मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जातं म्हणून ती लोंबतात, संध्याकाळी आपोआप उठतात. सकाळी उठल्यावर पण मान खालीच असेल तर मात्र गडबड आहे, आणि तेव्हा पण आधी मातीत दोन इंच बोट घालून बघा, कारण पाणी कमी पडलं तरी झाड तसंच दिसतं आणि जास्त होऊन मुळं कुजली तरी तसंच दिसतं. शिरोळकडची काळी माती कुंडीत भरली असेल तर अजून एक भानगड असते, ती वाळली की आकसते, कडेनं फट पडते, पाणी वरनं ओतलं की त्या फटीतनं सरळ खाली आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं! अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, मग फट मातीनं बुजवा. आणि पुढच्या वेळी तांबडी माती, शेणखत मिसळूनच भरा.

आच्छादनाला विकतचं काही आणू नका, आपल्याकडं उसाचं पाचट मिळतं की. दोन-तीन इंच थर टाका, फक्त खोडाला टेकवू नका.

लॉनचं म्हणाल तर रोज थोडं थोडं शिंपडायची सवय सोडा, त्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि ऊन लागलं की गवत पिवळं पडतं. दोन-तीन दिवसांनी पण भरपूर पाणी द्या, सकाळी लवकर. कापताना एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, टक्कल केलं की माती तापते आणि लव्हाळ्याला रान मोकळं. लव्हाळा वरनं उपटून काही होत नाही, खालच्या गाठी राहतात, पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की खुरप्यानं गाठीसकट काढा. आणि पिवळं दिसलं म्हणून कोरड्या लॉनवर युरिया फेकू नका राव, त्यात 46 टक्के नत्र असतं, जिथं पडेल तिथं गवत करपतं.

आता हुमणीचं, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीचं, कारण हे बागवाल्यांना माहितीच नसतं, ऊसवाल्यांना विचारा. वळीव झाला की त्या संध्याकाळी तपकिरी भुंगेरे ट्यूबलाइटवर टकाटक आदळायला लागतात, आपण झाडूनं बाहेर ढकलतो आणि विसरतो. तेच रात्री कडुलिंब, बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात, त्यातनं निघालेल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या पावसाळ्यात गुलाबाची, लॉनची मुळं खातात. ऑगस्टमध्ये लॉन हातानं ओढलं की चटईसारखं वर येतं, तेव्हा कळून उपयोग नाही. म्हणून वळवानंतर अंधार पडला की फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा आणि थोडं रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका, किंवा बल्बखाली तसंच पाण्याचं घमेलं ठेवा. अर्धवट कुजलेलं शेणखत तर बागेत आणूच नका, त्यात अळ्या असतात. आणलंच तर उन्हात पसरा, साळुंक्या बघून घेतील. पावसाला सुरुवात झाली की ओल्या मातीत मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, शेणखतातनं टाकता येते, कृषी केंद्रात मिळते.

एक वळीव पडला की नर्सरीत गर्दी होते, पण तेवढ्यानं वरची चार बोटं माती भिजते, खाली तापलेलीच असते. मृग 7-8 जूनला लागतो, पाऊस नीट बसला की लावा, तोवर खड्डे खणून उन्हात तापू द्या. मोगरा आत्ता फुलावर असतो, त्याला कात्री नको. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरमध्येच.

आणि कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाआधी काढून टाका. उन्हाळ्यात बऱ्या, पण पावसात त्यात पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार.