टाकीखाली दडलेला कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी कसा बदलायचा

लिक्विड-कूल्ड मोटरसायकलमधला कूलंट टेम्परेचर सेन्सर हा अगदी साधा भाग आहे. पितळी बूड, आत एक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा तुकडा), वर दोन पिनांचा कनेक्टर. अडचण त्याच्या जागेची आहे. बऱ्याच चार-सिलिंडर गाड्यांत तो सिलिंडर हेडच्या मागे किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगवर, थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) खाली बसवलेला असतो. सेन्सर बदलायला दहा मिनिटे पुरतात. बाकी अर्धा दिवस पेट्रोलची टाकी, एअर बॉक्स (एअर फिल्टरचा डबा) आणि थ्रॉटल बॉडी काढण्या-बसवण्यात जातो, आणि काम झाल्यावर उपटणाऱ्या तक्रारी बहुधा याच काढ-बसवीतल्या असतात. त्यामुळे सेन्सर खरोखर गेला आहे याची खात्री झाल्याशिवाय एअर बॉक्सला हात लावू नका.

आधी दोषी कोण ते ठरवा

सेन्सर बिघडला की इंजिन गरम असूनही ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, ते थंड वाटू शकते. मग पेट्रोल जास्त सुटते, प्लग काळे पडतात, गरम गाडी सुरू व्हायला त्रास देते. उलट बिघाड झाला, तर सकाळची पहिली सुरुवात अवघड होते. काही गाड्या सेन्सरचा सिग्नल गेल्याचे कळताच ठरावीक तापमान धरून चालतात आणि पंखा सतत फिरता ठेवतात. ओबीडी (बिघाडाचे कोड नोंदवणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पी०११७ हा कोड म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज फार कमी, पी०११८ म्हणजे फार जास्त.

हे कोड वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. थर्मिस्टर तापला की त्याचा रोध घटतो. ईसीयू त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि किती व्होल्ट उरले ते पाहतो. वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला, तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयू इंजिन बर्फासारखे गार समजतो. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर व्होल्टेज शून्याकडे जातो आणि इंजिन उकळते आहे असे वाटते. म्हणजे पी०११८ आला तर नवा सेन्सर मागवण्याआधी कनेक्टर आणि वायर तपासा. तुटलेली वायर नव्या सेन्सरने जुळत नाही.

टाकी उचलली की बहुतेक गाड्यांत कनेक्टरपर्यंत मल्टिमीटरची टोके तरी पोचतात. चावी बंद ठेवून कनेक्टर काढा आणि सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २० अंश सेल्सियसला तो साधारण २.३ ते २.८ किलोओहम असतो, ८० अंशांच्या आसपास ३०० ओहमच्या घरात येतो. नेमके आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आता चावी चालू करून वायरिंगच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज पाहा. ५ व्होल्टच्या जवळपास मिळाले, तर वायरिंग ठीक आहे. पिनांवर हिरवा गंज असेल, तर तो साफ करून आधी गाडी चालवून पाहा. कधी कधी काम तिथेच संपते.

काही गाड्यांत रेडिएटरवर पंख्याचा वेगळा स्विच असतो. तो सहज हाताला लागतो म्हणून चुकून तोच बदलला जातो. पार्ट मागवताना मॉडेल आणि सालाबरोबर पिनांची संख्याही जुळवा, कारण डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यासाठी वेगळी पिन असलेले सेन्सरही असतात.

सामान

नवा सेन्सर, त्याचा नवा वॉशर किंवा ओ-रिंग, सिलिकेट नसलेला एथिलीन ग्लायकॉल कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी. कूलंट तयार मिसळलेला नसेल, तर दोन्ही निम्मे-निम्मे. हत्यारांत ८ आणि १० मिमीचे टी-पाने, सेन्सरच्या मापाचा खोल सॉकेट (बहुधा १७ किंवा १९ मिमी), एक्स्टेन्शन, क्लॅम्पसाठी लांब ॲलन की, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि चुंबकाची कांडी. साधा सॉकेट चालत नाही, कारण सेन्सरचे प्लास्टिकचे डोके त्यात मावत नाही आणि दाबले की तडकते. जपानी गाड्यांच्या चौफुली स्क्रूंना जेआयएस (जपानी मानक) मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. फिलिप्स वापरला की खाच घासून जाते.

उघडणे

इंजिन पूर्ण गार हवे, उघड्या हाताने बिनदिक्कत धरता येईल इतके. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखालचे पाणी उसळून अंगावर येते. ॲल्युमिनियमचे आटेही गरम असताना जास्त सहज फाटतात.

टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल ठेवा. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मगच बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा. हा क्रम उलटवला, तर ३ बारच्या आसपास दाब असलेल्या नळीतून पेट्रोल चेहऱ्यावर उडू शकते. जोडाभोवती फडके गुंडाळूनच नळी सुटी करा. काम मोकळ्या हवेत करा आणि आसपास कुठलीही ज्योत नको. टाकीच्या मागच्या दोन बारीक नळ्यांवर खुणा करा. त्यातली हवेची नळी बसवताना मुडपली, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि गाडी काही किलोमीटरवर गुदमरून बंद पडते.

एअर बॉक्स काढण्यापूर्वी आजूबाजूची वाळू ब्रशने आणि हवेने काढून टाका. नंतर ती सरळ इंजिनात पडणार आहे. प्रत्येक नळीचा दोन बाजूंनी फोटो घ्या. क्रँककेसची हवा येणारी जाड नळी खालून जोडलेली असते आणि डोळ्यांआड राहते. एअर बॉक्स अडल्यासारखा वाटला, तर ओढू नका, आधी ती शोधा.

थ्रॉटल बॉडी पूर्ण सोडवायची गरज बहुधा पडत नाही. तिला हेडशी जोडणाऱ्या रबरी बुटांचे क्लॅम्प ढिले करून ती सरळ वर खेचा आणि केबलींसह एका बाजूला टेकवा. रबर कडक झाले असेल, तर गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. बुटाला चीर गेली की तिथून हवा शिरते. थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या स्क्रूला अजिबात हात लावू नका. इनटेकच्या उघड्या तोंडांत लगेच भडक रंगाची फडकी कोंबा आणि ती मोजून ठेवा. इथे पडलेला एक वॉशर म्हणजे हेड उघडण्याचे काम.

थ्रॉटल बॉडी न हलवता बाजूच्या फटीतून फिक्स पाना घालून सेन्सर काढण्याचा मोह होतो. तो टाळा. पाना पितळेच्या दोनच कोपऱ्यांवर धरतो, कोपरे गोल होतात, आणि मग आधी टाळलेले सगळे उघडावे लागतेच, शिवाय गोल झालेला सेन्सर काढायचा राहतो.

बदलणे

वॉटर पंपाच्या ड्रेन बोल्टमधून कूलंट सेन्सरच्या पातळीखाली येईपर्यंत काढा. तो दोन वर्षांहून जुना असेल, तर पूर्णच काढा. कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड असतो. कुत्री-मांजरे तो चाटतात, म्हणून सांडलेला लगेच पाण्याने धुवा आणि भांडे झाकून ठेवा.

कनेक्टरची कळ दाबून तो कनेक्टरला धरूनच ओढा, वायरीला नाही. उष्णतेने ठिसूळ झालेली कळ पटकन मोडते. सेन्सर सुटल्यावर जुना वॉशर हाउसिंगला चिकटून राहिला नाही ना, ते टॉर्चने पाहा. त्यावर नवा वॉशर चढला, तर गळती ठरलेली. बसायची जागा कोरड्या कापडाने पुसा.

नवा सेन्सर बोटांनी लावा. आधी उलटा फिरवा, आटा टपकन खाली बसल्याचे जाणवले की सुलटा, आणि निदान तीन फेरे हातानेच. अडला, तर काढून पुन्हा लावा. टॉर्क मॅन्युअलमधला, अनेक गाड्यांत तो १२ ते २५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. सॉकेट पोचत नसेल, तर क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला बसणारे उघडे तोंड) टॉर्क रेंचला काटकोनात जोडा, म्हणजे आकडा बदलत नाही. सरळ रेषेत जोडला, तर प्रत्यक्ष टॉर्क वाढतो. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांचा असतो. सिलिकॉनही नको, त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. टेफ्लॉन टेपचा एकच वायर असलेल्या सेन्सरला थेट तोटा आहे, कारण त्याचे अर्थिंग आट्यांतूनच होते.

बंद करण्याआधी तपासणी

ही पायरी गाळली, तर सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागू शकते. ड्रेन बोल्ट नव्या वॉशरने लावून कूलंट भरा, पंधरा मिनिटे थांबा आणि सेन्सरभोवती टिश्यू फिरवा. ओल दिसली, तर आत्ताच दुरुस्त करा. नव्या सेन्सरचा रोध मोजा, त्या वेळच्या हवेच्या तापमानाशी तो जुळायला हवा. मग कनेक्टर कळ वाजेपर्यंत दाबा. या टप्प्यावर चावी चालू करू नका. सुटे असलेले बाकीचे कनेक्टर नवे कोड नोंदवतील.

फडकी मोजून काढा. थ्रॉटल बॉडी बुटांत चहूबाजूंनी पूर्ण बसली आहे हे बोट फिरवून पाहा, मगच क्लॅम्प आवळा. एक जरी अर्धवट बसली, तरी आयडलचे आरपीएम वर-खाली होत राहतात. केबलची ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा. गाडी सुरू झाल्यावर हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहा. आरपीएम वाढले, तर केबल चुकीच्या वाटेने गेली आहे.

हवा काढणे

एअर बॉक्स, टाकी, कनेक्टर आणि बॅटरी परत जोडल्यावर गाडी सरळ उभी करून, रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करा आणि तीन-चार मिनिटे आयडलवर चालू द्या. मधूनमधून थ्रॉटल हलका द्या. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तितका कूलंट भरा. ब्लीड स्क्रू (हवा सोडण्याचा स्क्रू) असेल, तर तिथूनही हवा काढा. झाकण लावून पंखा सुरू होईपर्यंत थांबा. साधारण १०० ते १०५ अंशांच्या आसपास तो लागतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. तापमान बराच वेळ कमी दिसून एकदम उडी घेत असेल, तर सेन्सरपाशी हवेचा फुगा अडकला आहे. हवेतला सेन्सर खरे तापमान सांगत नाही, पंखा उशिरा लागतो आणि इंजिन तापून बसते. ताबडतोब बंद करा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा हवा काढा.

दुसऱ्या दिवशी गार गाडीवर रेडिएटर आणि रिझर्व्हच्या डब्याची पातळी बघून कूलंट पुरा करा, पेट्रोलच्या नळीच्या जोडावरून बोट फिरवा. जुना कोड स्मृतीत राहू शकतो, तो पुसून टाका. पुसलेला कोड काही दिवसांनी परत आला, तर नव्या सेन्सरवर संशय घेण्याआधी टाकी उचला आणि वायरिंग चॅसिसवरून जाते तिथे टाकीखाली चेमटली आहे का, ते पाहा.