पावसाळ्याआधी ऑफिसच्या पाण्याची तयारी

नळाला गढूळ पाणी यायला लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यातच, ही कामं उरकायची. आधी टाक्या. खालची आणि गच्चीवरची, दोन्ही उपसून, घासून घ्या. झाकण नीट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, ते स्वतः वर चढून बघा. खुर्चीत बसून "झालंय सर" ऐकण्यात अर्थ नाही.

टाकीत नक्की कुठलं पाणी पडतं? पुण्यात उन्हाळ्यात पालिका, बोअर, टँकर अशी सगळी सरमिसळ असते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. धरणाचं पाणी 500 च्या बरंच खाली असतं, त्यामुळे नुसत्या पालिकेच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी गटारात सोडणं. तिथे यूएफ-यूव्ही (बारीक गाळणी आणि जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे. बोअर-टँकर असेल तर आरओचा विचार करा. मात्र विक्रेता टीडीएस मीटर नाचवून दाखवतो, त्यावर जंतू दिसत नाहीत. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच होता.

जंतूंसाठी टाकीच्या पाण्याची ओटी टेस्ट (थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी) करा. पिवळा रंग आला तर जंतू मारणारा क्लोरीन आहे; तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. आता खरी गोम. फिल्टरमधल्या कार्बनमधून गेलं की हा क्लोरीन संपतो. म्हणजे त्यापुढची कूलरची स्टीलची टाकी अगदी उघडी पडते, आणि नेमकी तीच कुणी उघडत नाही. वरचं झाकण काढून आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर मशीन कितीही महागाचं असो, धुवायला काढा. सर्व्हिसवाल्याकडून जुनी कॅन्डल मागून घ्या आणि नवी समोर बसवून घ्या. यूव्हीचा दिवा पेटतो म्हणजे काम करतो असं नाही. त्याची ताकद हळूहळू उतरते, म्हणून कंपनीने दिलेले तास भरले की बदलायचा.

कारखाना असेल तर 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 18 (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) काय सांगायचं ते बघा: पाण्याची जागा संडास-मुतारीपासून सहा मीटर लांब, आणि बहुतेक कामगारांना कळेल अशा भाषेत "पिण्याचे पाणी" ही पाटी.

शेवटी नमुना. तो सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका, एरवीच्या दिवशी द्या. लोक पितात त्याच नळाचा, प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचता करा. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेला जंतू) एकही नको. पाऊस सुरू झाला की पुन्हा एकदा. रिपोर्ट खराब आला तर नळ बंद करायचा, आणि तोवर सीलबंद जार कुणाकडून आणायचे ते आत्ताच ठरवा. सील नसलेल्या थंड जारमध्ये कुठलं पाणी असतं, देव जाणे.