जुना टीव्ही उशिरा चालू होतोय? कंडेन्सर बघा आधी

आमचा सांगलीच्या घरातला एलसीडी टीव्ही मागच्या पावसाळ्यात बसला. लाल लाईट ब्लिंक व्हायची, आतनं टिक टिक, चित्र नाहीच. त्याआधी महिनाभर स्विच टाकला की १० मिनिटांनी चालू व्हायचा, आम्ही म्हणायचो म्हातारा झालाय, वेळ लागणारच. दुकानदार म्हणला बोर्ड गेला, साडेतीन हजार. आई म्हणली घाल भंगारात.

तर हे उशिरा चालू होणं हीच खरी खूण. पॉवर सप्लायच्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणारा छोटा डबा) ओलसर कागदाची गुंडाळी असते, ती गरमीनं वर्षानुवर्षं सुकत जाते, आतला रेझिस्टन्स वाढतो. गार असताना तो जास्त असतो, जरा तापलं की कमी होतो, म्हणून सेट रडतखडत का होईना चालू व्हायचा. ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्रीनं उतरलं की आयुष्य दुप्पट, म्हणून हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटून बसलेलाच पहिला जातो.

आता उघडायचं. प्लग काढा, तरी लगेच हात घालू नका, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट किंवा जास्तच साठलेले असतात. होल्डरमधल्या ६० वॅटच्या साध्या, तारवाल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या पायांना लावून साठा उतरवा, मग मल्टिमीटरनं बघा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करणारे बहाद्दर लई आहेत, तुम्ही नका करू. आणि हे वाचूनच पोटात गोळा आला असेल तर सरळ मेकॅनिककडे द्या, त्यात कमीपणा नाही.

माझ्यात १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन होते, डोकी चपातीसारखी फुगलेली, एकाच्या बुडाला तपकिरी चिकट डाग. (सपाट दिसणारासुद्धा गेलेला असू शकतो बरं का.) नवीन घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाला, लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) मागा. काढायच्या आधी फोटो काढा, अंगावर पट्टी असलेल्या बाजूचा पाय मायनस, उलटा लावला तर फटाका. जुन्या सोल्डरवर थोडं ताजं सोल्डर लावलं की पटकन वितळतं, ओढाताण केली तर खालचा तांब्याचा ट्रॅकच उपटून येतो, माझा एक आलाच, मग वायर जोडत बसलो.

पहिल्यांदा सिरीज बल्बमधनं, म्हणजे सप्लायच्या एका वायरीत मधे तसलाच तारवाला बल्ब जोडून, सप्लाय द्या. भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच फुल्ल राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, बंद करा.

२०१९ च्या पुरात भिजलेले सेट अजून कुणाच्या माळ्यावर असतील तर वरनं कोरडे दिसतात म्हणून प्लग लावू नका, गाळ आयसीच्या (काळ्या चिपच्या) पायांखाली बसलेला असतो, आधी तो साफ.

माझा चालला, खर्च ४० रुपये. मग रिमोट चालेना. मोबाईलचा कॅमेरा रिमोटच्या पुढच्या लाईटवर धरून बटण दाबलं, जांभळट काहीच चमकलं नाही, उघडलं तर सेल गळून स्प्रिंग हिरवी झालेली.